सहा आठवड्यांची हवा

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच तुमची काळजी वाटेल. मी एक जुनी टपालाची सायकल आहे. जिन्याखालच्या या कोपऱ्यात मोडक्या काड्यांची छत्री, कडी तुटलेली बादली आणि कालच वरून खाली आलेला हा गंजका बटणांचा डबा, एवढ्या मंडळींत मी सगळ्यांत थोरली. डब्याने अजून तोंड उघडलेलं नाही. नवख्याने पहिले काही दिवस गप्प बसावं, हे बरंच आहे. माझ्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हला टोपी नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. ती का नाही, तीच आजची गोष्ट.

कारखान्यातून मी निघाले तेव्हा माझा हिरवा रंग इतका ओला होता की वाटेत दोन पोपट माझ्या हँडलवर येऊन बसले आणि ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखे बोलू लागले. पहिल्याच वर्षी एका उतारावरून मी अशी सुटले की आमची सावली मागे राहिली. ती संध्याकाळी धापा टाकत घरी आली. आणि एकदा थैलीत विरहाची एवढी पत्रं होती की माझा पुढचा टायर रडून रडून बसला.

माझ्यावर बसायचा तो पोस्टमन. सगळे त्याला टपालदादा म्हणायचे. सव्वीस वर्षं आम्ही नदीच्या अलीकडची सगळी दारं वाजवली. दार उघडायच्या आधी माझी घंटा ऐकूनच लोक म्हणायचे, "आली बरं का." आली म्हणजे मी. चिठ्ठी नंतर.

मग त्याच्या रक्तात साखर वाढली. साखर गोड असते असं म्हणतात, पण तिने त्या घरातला गोडवा पळवला. मी लोखंडाची, मला लाजबीज नाही, म्हणून सरळ सांगते. नवराबायकोचं जे जवळ येणं असतं, ते त्याच्या शरीराला जमेनासं झालं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. एका पलंगावरची ती दोन माणसं दोन स्टेशनांसारखी झाली, मध्ये गाडीच नाही. शेवटी एका डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. शिश्नात दोन बारीक नळ्या, पोटात पाण्याची छोटी पिशवी, आणि खाली अंडकोशात सुपारीएवढा एक पंप. तो दाबला की पाणी नळ्यांत चढतं, सोडलं की परत उतरतं.

त्याने ऑफिसात सांगितलं, हर्निया.

हे सगळं मला कसं ठाऊक? डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने तो माझ्या सीटखालच्या चामडी पिशवीत दडवला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पत्रं वाहिली. त्याच्या स्वतःच्या नावाचं हे पहिलंच. त्यात लिहिलं होतं: सहा आठवडे जड उचलू नये, उकिडवं बसू नये, जोर लावू नये, सायकल चालवू नये. चालावं मात्र. रोज थोडं, मग थोडं जास्त.

मित्रांनो, ते सहा आठवडे मला अजून स्वप्नासारखे आठवतात. जिन्याखाली दिवस आणि स्वप्न यांत तसाही फार फरक नसतो. सकाळी दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी यायची आणि माझ्या चाकाच्या आऱ्यांवरून एकेक पायरी चढावी तशी वर सरकायची. वरच्या खोलीत त्याची पावलं वाजायची. पहिल्या आठवड्यात खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, एखादा वयस्क पक्षी पिंजरा मोजतो तशी. दुसऱ्या आठवड्यात ती जिन्यावर आली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. या बादलीला विचारा, ती भरलेली असताना बायकोने त्याला बोट तरी लावू दिलं का. मग गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत, मग बेकरीपर्यंत. मी डोळे मिटायचे आणि त्याच्या पावलांबरोबर धुक्यातून तरंगत जायचे. चाकं नाहीत, साखळी नाही, नुसती घंटा.

तिसऱ्या आठवड्यात पैलवान आला. पैलवान म्हणजे त्याचा ऑफिसातला सोबती. कुस्ती त्याने फक्त टीव्हीवर पाहिलेली, पण नाव पडलं ते पडलं.

"काय रे, मेणाचा आहेस का?" जिन्यावर बसत पैलवान म्हणाला. "माझा हर्निया झाला तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मी सायकलवर होतो. तुझ्या बीटचं टपालही मीच वाटतोय, माझ्या गुडघ्यांनी काय पाप केलंय?"

"सोमवारी येतो," टपालदादा म्हणाला.

वरून बायको कपडे शिवता शिवता ऐकत होती. ती बाहेरची शिलाई घरी आणून करायची. पैलवान गेल्यावर ती कठड्याशी आली.

"अहो, सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे."

"मला मोजता येतं."

"मग मोजा."

"सगळं ऑफिस हसतंय मला. हर्नियाला कुणी इतकं झोपून राहतं का?"

"मग खरं सांगा."

तो कठडा धरून वर निघून गेला. ती पुन्हा मशीनवर बसली. मला मात्र घाम फुटला. त्याचं ते आतलं नाजूक घड्याळ अजून जागेवर बसत होतं, आणि हा माणूस त्याच्यावर माझी लोखंडी स्प्रिंगची अरुंद सीट आपटायला निघाला होता. सव्वीस वर्षांत मी त्याला कधी पाडलं नव्हतं. आता मीच त्याला मोडणार होते.

म्हणून मी काय केलं, ऐका. सोमवारी तो गणवेश घालून, बायको शिलाईचे कपडे पोचवायला गेली आहे हे बघून, हळूच खाली आला. आणि मी श्वास सोडला. मनात आणलं, डोळे मिटले, आणि मागच्या चाकातली सगळी हवा फुस्सकन सोडून दिली. इतक्या जोरात की व्हॉल्व्हची टोपी उडाली ती कुठे गेली कुणास ठाऊक. मला वाटतं अजून उडतेच आहे.

त्याने चाक दाबून पाहिलं. पंप घेतला. हवा भरायला उकिडवं बसू लागला आणि अर्ध्यातच थांबला. चेहरा आवळला गेला. कठड्याला धरून सरळ झाला, मग खालच्या पायरीवर बसून राहिला. बराच वेळ. शेवटी उठला आणि पायीच निघाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पुलापर्यंत चालत गेला.

आल्यावर बायकोला म्हणाला, "पुलावर वारा छान होता."

"हो का?" ती म्हणाली. दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत ओवताना तिचे हात जराही हलत नव्हते.

चौथ्या आठवड्यात पैलवानाने येऊन स्वतः हवा भरली. सकाळी चाक पुन्हा बसलेलं. त्याने ट्यूब काढून टबात बुडवली, इंच इंच फिरवली. एक बुडबुडा नाही. पुन्हा भरली, पुन्हा सकाळी गेली. "ही बाधलेली आहे," पैलवान म्हणाला आणि माझ्यापासून जरा लांब सरकून बसला. मित्रांनो, मला हसू आवरेना. रोज पहाटे उजेडाची पट्टी दारात आली की मी श्वास सोडायचे. टपालदादाची बायको त्याच वेळी कचऱ्याची टोपली घेऊन बाहेर जायची, जाताना माझ्यापाशी वाकून चपलेचा पट्टा लावायची, आणि मी तिच्या कानाशी हळूच फुस्स करायचे. तिलाही बरं वाटत असावं, कारण ती हसायची.

पाचव्या आठवड्यात टपालदादा पुलापलीकडे फिरायला गेला होता. फोन माझ्या पुढच्या टोपलीत विसरलेला. पैलवान चाकाशी झटापट करत बसला होता, तेवढ्यात फोन वाजला. हात काळे, म्हणून त्याने कोपराने दाबला आणि आवाज साऱ्या जिन्यात घुमला.

"दवाखान्यातून सिस्टर बोलते. सोमवारी या हं. पंप कसा चालवायचा ते डॉक्टर शिकवतील."

"पंप मला काय शिकवता? तीस वर्षं मारतोय."

"अहो, तुमचा बसवून पाच आठवडे झालेत."

"ते जाऊ द्या. तुम्हाला कळत असेल तर सांगा, संध्याकाळी हवा भरली की सकाळी गायब. पुढचं टणक आहे, पण मागचं पार बसलंय."

"मागचं?" सिस्टर गडबडली. "आणि हवा कुठली? आत पाणी असतं."

"पाण्यावर सायकल चालते?"

"सायकल?" तिचा आवाज चढला. "सहा आठवडे व्हायच्या आत सायकलवर बसलात तर सगळं परत उघडून नवीन बसवावं लागेल. चालायचं फक्त. कळलं?"

"कळलं," पैलवान म्हणाला. आणि मग त्याला खरोखरच कळत गेलं. हळूहळू, चाकात हवा भरत जावी तसं. तो पंप मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला.

टपालदादा परत आला तेव्हा उन्हाने त्याचे कान लाल झाले होते.

"सिस्टरचा फोन होता," पैलवान म्हणाला. "सोमवारी बोलावलंय. पंप शिकवायला."

टपालदादा जागच्या जागी थिजला.

"हर्नियात पंप नसतो रे."

"नसतो."

दोघे पायरीवर शेजारी शेजारी बसले. वर शिलाई मशीनचा आवाज थांबला होता.

"दुखतं का?"

"आता नाही. पहिले दहा दिवस वाईट होते."

"आणि ते..." पैलवानाने पंपाचा दांडा वर ओढला, खाली सोडला. "ते चालतं का नीट?"

"अजून सोमवार यायचाय."

"हं." पुन्हा दांडा वर, खाली. "डॉक्टरांचा नंबर देशील? माझ्यासाठी नाही हां."

"मग कुणासाठी?"

पैलवानाने पंप भिंतीला टेकवून ठेवला. "बरं. माझ्यासाठी."

त्या दिवसापासून ऑफिसात कुणी टपालदादाला मेणाचा म्हटलं की पैलवान त्याच्याकडे असं बघायचा की बोलणारा आपलं टपाल नीट लावायला लागायचा. आणि संध्याकाळी दोघे मिळून पुलापर्यंत चालायला जायचे. दोन म्हातारे घोडे, लगाम नसलेले.

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं, पंप शिकवला, आणि म्हणाले, सायकल चालेल, पण सपाट रस्त्यावर, थोडी थोडी, रुंद सीटवर. माझी जुनी सीट भिंतीवरच्या खिळ्याला टांगली गेली. तिच्या जागी मधोमध खाच असलेली मऊ सीट आली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सकाळी बायको स्वतः खाली आली आणि तिने माझ्या मागच्या चाकात हवा भरली.

"टिकेल का?" तो म्हणाला.

"आज टिकेल."

"तुला कसं ठाऊक?"

"वाटलं."

तो माझ्यावर बसला. इतका अलगद, की मला वाटलं कुणीतरी नुसतं पत्र ठेवलंय. आम्ही गल्लीतून निघालो, दिव्यापाशी गेलो, बेकरी गेली, आणि पुलावर मला खरंच वाटलं की माझी चाकं पुलाच्या फळ्यांना टेकत नाहीत. मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी होती, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्या दोन स्टेशनांच्या मधून गाडी निघाली होती.

म्हणून सांगते, मित्रांनो. जे नव्याने बसवलंय त्याला बसायला वेळ द्या, मग ते माणसाच्या आत असो की सायकलच्या. चाला, रोज थोडं चाला, पण दुसऱ्याच्या घाईने धावू नका. आणि घरात एखादी म्हातारी सायकल असेल तर तिला तेलपाणी करत राहा. कारण वेळ आली की ती आपला श्वाससुद्धा तुमच्यासाठी सोडते, जसा मी त्या आठवड्यांत रोज पहाटे, निव्वळ इच्छाशक्तीने...

"तिच्या चपलेला पट्टा नव्हता," बटणांचा डबा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. कालपासून त्याचं हे पहिलंच वाक्य.

"आणि तुझी टोपी माझ्या पोटात आहे. वाजवून दाखवू?"