बॉनेटवरचे पंजे

मी एक जुनी पांढरी मोटार आहे, मित्रांनो, आणि एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करून टाकते. एका मूठभर जिवाने मला भर पावसात रस्त्याच्या मधोमध उभे केले होते. माझे वजन आठशे किलो आणि त्याचे पाव किलोही नसेल. मला त्याचा राग आला होता, खोटे कशाला बोलू? पण राग केव्हाच विरला, नवल मात्र अजून तसेच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लोखंडी हात ठिणग्या उडवत माझे पत्रे जोडत होते. पण माझ्या पोटातल्या तारा बसवल्या माणसांनीच. लाल, निळ्या, पिवळ्या अशा तारांची भली मोठी जुडी एका बाईने माझ्या अंगात सरकवली, प्रत्येक टोक जागच्या जागी खटकन बसवले आणि ती पुढच्या गाडीकडे गेली. माझा सगळा जीव त्या तारांत आहे हे मला तेव्हा कळले नाही. मी भाळले माझ्या रंगावर! रंगाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा माझ्या अंगात समोरच्याचे तोंड दिसत होते. रूपाचा गर्व मला चिकटला तो तिथून.

मला विकत घेतले भाईंनी. भाई तहसील कार्यालयातले निवृत्त कारकून. शिरोड्याजवळ त्यांचे घर आहे. साठीला टेकल्यावर त्यांनी मिठागरांच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर गाडी चालवायला शिकून घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीनदा बंद पाडले आणि तिन्ही वेळा माझ्या स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. घरात त्यांच्या पत्नी रुक्मिणी आणि नात गौरजा. गौरजाचे आईवडील नोकरीसाठी मुंबईला. तिला मात्र गाव सुटेना, म्हणून ती आजी-आजोबांपाशी राहून शिकली.

काय दिवस होते ते! मी लग्नांना गेले, बारशांना गेले, आजाऱ्यांना दवाखान्यात नेले. एकदा विजयदुर्गाला जाऊन आले. त्या तटाखाली उभी राहिले तेव्हा मी केवढी लहान आहे हे मला पहिल्यांदा समजले. मान वर करता येत नाही म्हणून मी तो तट समोरच्या डबक्यात पाहिला. घरी आल्यावर भाईंनी माझ्या अंगावरचा खारा वारा गोड्या पाण्याने तीनदा धुऊन काढला. ते रोज सकाळी जुना पंचा घेऊन मला पुसत. "भाईनू, गाडी आसा की आरसो?" असे जाणारे-येणारे विचारत आणि आम्ही दोघेही फुगत असू.

आमच्या या सुखात एकच खडा होता. तांबो. हा शेजारपाजारच्या चार घरी जेवणारा आणि कुणाचाच नसलेला तांबूस बोका. मी फेरी मारून आले की माझे बॉनेट छान ऊबदार असे. तांबो चिखलाचे चारही पाय घेऊन त्यावर चढे आणि अंगाचे मुटकुळे करून झोपे.

"हट् मेल्या! आताच पुसलंय मी!" भाई काठी घेऊन धावत.

"ऱ्हवांदे हो, आजोबानू. तो काय गाडी खाता?" गौरजा म्हणे.

मीही मनातल्या मनात भाईंची बाजू घेई. माझ्या पांढऱ्या अंगावर चिखलाचे पंजे? छे! शेवटी एकदा काठी जरा जोरात आपटली गेली आणि तांबो जो गेला तो फिरकलाच नाही. आम्हांला वाटले, बरे झाले. पुढचे ठाऊक नसले की माणसाला आणि मोटारीला असेच वाटते.

यंदाच्या मे महिन्याच्या शेवटी रुक्मिणीकाकूंनी पावसाळ्याची बेगमी केली. सुके बांगडे, सोडे, बोंबील. दर वर्षी ही मासळी घरातल्या शिंकाळ्यात असे आणि दर वर्षी एखादे मांजर तिच्यावर ताव मारून जाई. यंदा काकूंना युक्ती सुचली. त्यांनी मासळीच्या पिशव्या डब्यात भरल्या, डबे माझ्या डिकीत ठेवले आणि वरून गोणपाट घातले.

"गाडी म्हंजे काय तुझा फडताळ?" भाईंनी विचारले.

"हयसर मांजर तरी येवचा नाय. तुमीच तर तेका पळवलास."

भाईंना हा मुद्दा पटला. पावसात गाडी फारशी काढायची नसते. मला मांगरात, म्हणजे घराबाजूच्या, गवत आणि नारळाची सोडणे ठेवायच्या छपराखाली नेऊन उभे केले. वर जाड कापडी आवरण घातले. भाईंनी ते चारी बाजूंनी असे खोचले, जसे तापाच्या लेकराला पांघरूण घालावे. गणेश चवथीपूर्वी मला नवा रंग लावायचा म्हणून त्यांनी अठरा हजार रुपये वेगळे काढून ठेवले होते. त्या अंधारात मी नव्या रंगाची स्वप्ने पाहू लागले.

मग शेतात पाणी भरले आणि बिळे बुडाली. एका दुपारी कुणीतरी माझ्या चाकावरून वर आले. इतके हलके पाऊल मला आजवर लागले नव्हते. ती एक उंदरीण होती. तिने माझ्या इंजिनाभोवती सावकाश फेरी मारली, बॅटरीच्या मागचा कोपरा हुंगला आणि तिला तो पसंत पडला. कोरडी जागा, गवत शेजारी, मासळीचा वास मागच्या खोलीत आणि मांजराचा पत्ता नाही. आम्ही आमंत्रण देण्यात काय कमी ठेवली होती?

तिने घर बांधायला घेतले. बॉनेटखाली आवाज दाबायला लावलेली नमद्याची चादर कुरतडली, सोडणांतला काथ्या आणला, गोणपाटाचे दोरे आणले. मित्रांनो, मी कारखान्यातले लोखंडी हात पाहिले आहेत. पण दोन दात आणि चार पाय एवढ्याच हत्यारांवर कुणी असे गोल, मऊ घर बांधताना मी पाहिले नव्हते. मी श्वास रोखून बघत राहिले. आणि मग तिने दात घासायला म्हणून माझी तार धरली. उंदरांचे दात जन्मभर वाढतात. घासले नाहीत तर त्यांना खाता येत नाही. पिवळी तार, मग निळी, मग तिच्याजवळची आणखी चार. मला दुखले नाही. फक्त एकेक जागा मुकी होत गेली. आरडाओरडा करावा तर माझा हॉर्न माणसाच्या हाताशिवाय वाजत नाही.

गौरजाला उद्यानविद्या शिकायची होती. आंबा, काजू, नारळ, कोकम यांचे शास्त्र. अंगणात तिने स्वतः बांधलेल्या कलमांची रांग होती. कुडाळजवळच्या कॉलेजात जागा मिळावी म्हणून ती दोन महिने यादीची वाट पाहत होती. चवथ आठ दिवसांवर आली आणि वादळी पावसाने दीड दिवस मोबाईलची रेंज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला रेंज आली आणि गौरजा ओरडतच पडवीत आली.

"आजोबानू, माझा नाव लागला! पण आज शेवटचो दिवस. पाच वाजेपर्यंत मूळ कागद घेवन थय उभ्या ऱ्हवाक होया, नाय तर जागा दुसऱ्याक जातली!"

"कागद घेतलंस? फोटो घेतलंस? मगे चल," भाई म्हणाले. त्यांनी जेवणाच्या ताटावरून उठून हात धुतला आणि माझे आवरण ओढून काढले.

मी सुरू झाले, पण खोकत. माझ्या काचेमागे एक पिवळा दिवा लागला. भाईंना वाटले, इतके दिवस उभी आहे, ओल धरली असेल. वेंगुर्ला ओलांडेपर्यंत मी स्वतःला कसेबसे ओढत नेले. कुडाळच्या रस्त्याला लागलो, मागे एक भले मोठे झाड कडाडून रस्त्यावर आडवे पडले, आणि पुढच्याच वळणावर उघड्या तारांत पाणी शिरले. मी थांबले.

अडीच वाजले होते. मागून आता एकही गाडी येणार नव्हती. भाई किल्ली फिरवत होते, गौरजा कागदांची पिशवी पोटाशी धरून बसली होती.

"चल गो बाये," भाई मला म्हणाले, "आज नको असा करू. जन्मात तुझ्याकडे काय मागूक नाय."

मित्रांनो, मी गाडी आहे, मला रडता येत नाही. पण त्या वेळी माझ्या काचेवरून जे वाहत होते ते सगळेच पाऊस नव्हते, असे मला वाटते.

समोरून बायको-मुलाला घेऊन आलेल्या एका मोटारसायकलवाल्याने झाड पाहून गाडी माघारी वळवली आणि जाता जाता पुढच्या वाडीतल्या गुरुदास मेस्त्रीला निरोप दिला. गुरुदास छत्री आणि हत्यारांची पिशवी घेऊन चालतच आला. त्याची स्वतःची मोटारसायकल तीन आठवडे उघडून पडली होती. गॅरेजवाल्याची गाडी कधी धड असते का? त्याने बॉनेट उचलण्याआधी माझ्या मागच्या बाजूला जाऊन नाक वर केले.

"भाईनू, गाडयेत मासळी ठेवलास?"

"डिकीत. मे म्हयन्यापासून," भाई खाली मान घालून म्हणाले.

"मगे उंदरांचो दोष काय? तुमी जेवणाक बोलवलास, ऱ्हवाक खोली दिलास, तेंनी संसार मांडल्यानी!"

त्याने बॉनेट उघडले आणि ती उंदरीण बाणासारखी बाहेर पडून रस्त्याकडेच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात शिरली. बॅटरीच्या मागे तिचे घर होते. आत सात पिल्ले होती. गुलाबी, डोळे मिटलेली, एकेक जेमतेम करंगळीच्या पेराएवढे. माझ्या पोटात सात जीव वाढत होते आणि मी नव्या रंगाचा विचार करत होते.

"फेकतलंस काय?" गौरजाने हळूच विचारले.

"खुळी काय तू? चवथ आठ दिसांवर. गणपतीच्या वाहनाक हात लावून मी खंय जाव?" गुरुदासने ते घर दोन्ही हातांनी तसेच उचलले आणि गडग्याच्या कोनाड्यात, पाऊस लागणार नाही असे ठेवले.

मग तो तारांकडे वळला. शेकडो तारांच्या गुंत्यात कुरतडलेल्या सहा शोधायच्या. त्याने डोळे मिटले आणि तो तारांवरून बोटे फिरवू लागला, जशी बाई तांदळातले खडे शोधते. गौरजा त्याच्यावर छत्री धरून उभी होती. भाईंनी पावसातच हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, चेडवाचा काम वेळेर होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुदासने डोळे न उघडता, तोंडात चिकटपट्टी धरूनच साथ दिली.

तेवढ्यात माझे लक्ष गडग्याकडे गेले. उंदरीण परत आली होती. माणसे दोन हातांवर उभी असताना ती कोनाड्यात चढली, एक पिल्लू तोंडात धरले आणि दगडांच्या आत गेली. पुन्हा आली, दुसरे नेले. ज्या दातांनी माझ्या तारा तोडल्या, त्याच दातांनी ती पिल्लांना उचलत होती आणि त्यांच्या कातडीवर ओरखडासुद्धा उमटत नव्हता. सात खेपा. मी मोजल्या. माझ्या अंगात साठ घोड्यांची ताकद आहे म्हणतात. त्या क्षणी मला तिचे कौतुक वाटले, अगदी मनापासून, आणि साठ घोड्यांबद्दल काही बोलावेसे वाटेना.

"आता फिरवा किल्ली," गुरुदास म्हणाला.

मी पेटले! चार वाजायला दहा मिनिटे होती. भाई पैसे काढू लागले तसा तो ओरडला, "पैशे मगे! आधी चेडवाक पोचवा!"

त्या दिवशी मी जशी धावले तशी नवी असतानाही धावले नव्हते. चार वाजून चाळीस मिनिटांनी कॉलेजच्या फाटकात आम्ही शिरलो. गौरजा पिशवी छातीशी धरून पळाली. भाई माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. पाचला पाच मिनिटे असताना ती दारात आली. ती हसत होती. भाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी मी गुरुदासच्या गॅरेजात गेले. तारांची पूर्ण जुडी बदलावी लागली. माझा विमा जुन्या गाडीचा, फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता. त्यात उंदीर बसत नव्हते. सोळा हजार चारशे झाले. भाईंनी रंगाच्या पाकिटातून नोटा काढल्या आणि शांतपणे दिल्या.

"रंग ऱ्हवलो मां, भाईनू," गुरुदास म्हणाला.

"ऱ्हवांदे. रंगान ती चलणा नाय."

घरी मासळीचे डबे डिकीतून निघून शिंकाळ्यात गेले. आवरण घडी होऊन माळ्यावर गेले. भाई आता दर दोन दिवसांनी माझे बॉनेट उघडून बघतात आणि मला मिठागरांपर्यंत एक फेरी मारून आणतात. वसतिगृहात जायच्या आदल्या दिवशी गौरजा एक सुका बांगडा घेऊन वाडीभर हाका मारत फिरली. "तांबो! ये रे, आजोबांची काठी चुलीत गेली!"

मित्रांनो, पंच्याने पुसणे म्हणजे जपणे, असे मी आणि भाई बारा वर्षे समजत होतो. तुमच्या घरात जे काही तुमच्यासाठी राबते, त्याला झाकून ठेवू नका. अधूनमधून आत डोकावून बघा, ते चालते ठेवा. आणि ज्याला तुम्ही त्रास म्हणून हाकलता, तो तुमची कोणती राखण करतो, हे एकदा तरी विचारा.

गौरजा कॉलेजात आहे. माझा रंग दरवाजापाशी उडाला आहे, पूर्वीसारखे तोंड दिसत नाही. आज सकाळी भाई मिठागरांवरून फेरी मारून आले आणि घरात गेले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या ऊबदार बॉनेटवर चढून, मुटकुळे करून झोपले. भाई पंचा घेऊन बाहेर आले. क्षणभर थांबले. मग त्यांनी माझ्या काचा पुसल्या, दरवाजे पुसले, आरसे पुसले, आणि बॉनेटपाशी येऊन पंचा खांद्यावर टाकला. चिखलाचे चार पंजे तसेच राहिले.