जिन्यावरून पडल्याची गोष्ट

लॅबमधली सकाळची गर्दी ओसरली होती. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक चहा शोधत पांगले होते आणि ती काउंटरवर बसून जांभळ्या टोपणाच्या बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. तेवढ्यात फोन वाजला. नंबर परदेशातला.

पलीकडची बाई विमा कंपनीच्या मदत केंद्रातली होती. "घाबरू नका. तुमचे दीर हॉस्पिटलमध्ये आहेत, खांदा निखळला होता, तो बसवलाय. हॉटेलच्या जिन्यावरून पडले म्हणतात. दुपारी सोडतील."

"जिन्यावरून?"

"हो. आम्ही पुन्हा विचारलं, कारण त्यांच्या पॉलिसीत मोटरसायकलचं जादा कव्हर आहे. पण ते जिनाच म्हणतात."

फोन ठेवता ठेवताच तिच्या लक्षात आलं. जिनाबिना काही नव्हता. सहा फूट उंचीचा तो दीर घरात अजून टिल्लूच होता, आणि टिल्लूच्या थापा ती तो बारावीत असल्यापासून ओळखून होती. ही थाप मात्र तिनेच त्याच्यावर आणली होती.

टिल्लू दोन मित्रांबरोबर परदेशात डोंगर बघायला निघाला, तेव्हा विम्याचा फॉर्म भरायचं काम ओघानेच तिच्याकडे आलं. शिकलेली सून म्हणजे घरातल्या फॉर्मांची मालकीण. "वहिनी, बाइकचंही टाक हं," तो म्हणाला होता. तिने टाकलं. हेल्मेट, परवाना, इंजिन किती मोठं चालेल, सगळ्या अटी दोनदा वाचून टाकलं. आणि रात्री जेवताना, मांडीवरच्या लेकीला भरवत, सगळ्यांसमोर सांगितलं, "मिळत नाही रे. तुझा परवाना नवीन आहे. बाइकवर बसलास आणि काही झालं, तर कंपनी हात वर करणार."

टिल्लूचं तोंड एवढंसं झालं. सासूबाईंना मात्र घास गोड लागला. "बसने फिर की. बसला काय काटे असतात?"

त्याला तिने पॉलिसीचं पहिलंच पान पाठवलं. दुचाकीचं कव्हर दुसऱ्या पानावर होतं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही, अशी ती युक्ती तिची तिलाच फार आवडली होती. लेक झाल्यापासून तिला जिकडेतिकडे धोकेच दिसायचे. टेबलाचा कोपरा, उघडी खिडकी, न्हाणीघरातली भरलेली बादली. टिल्लूही त्याच यादीत जाऊन बसला होता.

तिने त्याला फोन लावला.

"काय झालं, खरं सांग."

"अगं, जिना ओला होता, पाय सटकला."

"किती पायऱ्या होत्या?"

"असतील दहाएक."

"परवा हॉटेलचा फोटो पाठवलास तू. बैठं घर आहे ते."

टिल्लू आवाज खाली आणून म्हणाला, "वळणावर पुढचं चाक घसरलं. हेल्मेट होतं गं. फक्त हँडल जरा पोटात रुतलं, डावीकडे. दुखतंय, पण दुखणारच ना."

"डॉक्टरांना सांगितलंस हँडलचं?"

"जिन्याला हँडल कुठून आणू?"

लॅबच्या डॉक्टरबाई आत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. तिने फोन हातात धरूनच त्यांना विचारलं. बाईंनी मान वर केली. "डाव्या बरगड्यांखाली? तिथे प्लीहा असते. आत रक्त सुटलं तर वरून काही दिसत नाही. पायरीवरून पडला म्हटल्यावर ते खांदाच बघणार. पोटाची सोनोग्राफी करायला सांग त्याला. घरी सोडायच्या आधी."

"टिल्लू, डॉक्टरांना बोलव आणि खरं सांग."

"आणि बिल कोण भरणार? तूच म्हणालीस, कंपनी हात वर करते."

"नाही करत. बाइकचं कव्हर आहे तुला. मी घेतलंय."

तो हसला आणि हसता हसता कण्हला. "वहिनी, औषध गोड आहे असं सांगून पोरांना पाजतात, तसं चाललंय तुझं."

एरवी त्या घरात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज गरज पडली तर तोच शब्द खोट्या नाण्यासारखा परत आला. तिने फोनमधून पॉलिसीचं दुसरं पान शोधून त्याला पाठवलं आणि वाट बघत बसली. काउंटरवर एक आजोबा रिपोर्ट मागत होते, त्यांना तिने दुसऱ्याच कुणाचं पाकीट दिलं. त्यांनीच ते परत केलं.

"तारीख मी निघायच्या चार दिवस आधीची आहे," टिल्लू म्हणाला.

"हो."

"म्हणजे तेव्हा जेवताना तू..."

"खोटं बोलले. शिव्या नंतर दे. आधी नर्सला हाक मार."

प्लीहेला चीर गेली होती आणि आत रक्त साचायला लागलं होतं. चाकू लावावा लागला नाही, पण आठवडाभर हलायचं नाही, असं त्याला बजावण्यात आलं. तसंच सोडलं असतं, तर दोन दिवसांनी तो बसने घाट उतरणार होता. मदत केंद्राच्या बाईने खर्चाची हमी पाठवली. पहिल्यांदा खोटं का सांगितलं, याचा लेखी खुलासा मात्र हवा होता. तो पटला नाही तर हमी मागे घेतली जाणार होती.

संध्याकाळी सासूबाई नातीचे केस विंचरत होत्या. "तू खोदून विचारलंस म्हणून वाचला गं पोरगा."

तिला ते ऐकवेना. तिने सगळं सांगितलं. अगदी पहिल्या पानासकट.

सासूबाईंचा हात थांबला. "लहानपणी मी त्याला सांगायचे, मागच्या विहिरीत भूत आहे, तिकडे फिरकू नकोस."

"मग?"

"मग काय. भूत बघायला गेला." आणि त्या पुन्हा विंचरायला लागल्या. चार शब्द ऐकवले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी टिल्लूचा आवाज जरा ताजा होता. गाडी कुठून घेतली होतीस, असं तिने विचारलं.

"हॉटेलच्या रखवालदाराची होती. जुनाट, पुढचा ब्रेक नावालाच. चांगल्या दुकानात विम्याचा कागद मागतात गं. म्हटलं, आपल्याकडे कुठे आहे." तो हे अगदी सहज बोलून गेला. मग म्हणाला, "खुलासा लिहिलाय. पाठवलाय तुला, बघ."

तिने वाचला. चारच ओळी होत्या. 'दुचाकीला विमा नाही, असा माझा गैरसमज झाला होता. त्या भीतीने मी खोटं कारण दिलं.'

"गैरसमज कसला? मी सांगितलं होतं तुला. तसं लिही. माझं नाव घाल."

"कंपनीला आपलं घरचं पुराण कशाला?"

"टिल्लू, ऐक माझं."

"कंपनीला मघाशीच पाठवून टाकला, वहिनी. नर्स आली, ठेवतो."

कंपनीने खुलासा तिसऱ्या दिवशी मान्य केला. त्यांच्या दफ्तरी आता चूक टिल्लूच्या नावावर आहे.