गौरवीच्या नावाची बेरीज

डिचोलीच्या एका तंत्रनिकेतनात सिव्हिल शिकणाऱ्या गौरवीने आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. मोजणीचे आकडे भरले की जमिनीची उंची लगेच पडद्यावर यायची. त्याआधी इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटायची : लेखन आणि सर्व हक्क, गौरवी, नार्वे.

वर्गातल्या साईशने केबल लावून तो घेतला. आठवड्याभरात प्रयोगशाळेतल्या बाराही कॅल्क्युलेटरांवर प्रोग्रॅम होता, पण नाव होतं साईश, पेडणे.

गौरवीने जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मेमरी वाचवायला तुझं नाव काढलं गे. मग ती जागा उगाच रिकामी दिसायला लागली."

ती भांडली नाही. तिने प्रोग्रॅम नव्याने लिहिला. आता तो आधी नावगावातल्या अक्षरांची बेरीज करायचा : ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन. बेरीज गौरवीची नसेल तर जेवढा फरक, तेवढे मीटर उंचीत मिसळायचे. पहिल्या ओळीला हात लावू नका, असं तिने तो सगळ्यांना देताना बजावलं. साईशने त्याच दुपारी लावला.

मग सगुण सरांनी वर्गाला मोजणीसाठी नार्व्याला नेलं. साईशने सगळ्यांच्या आधी उत्तर वाचलं : नदीकाठचं शेत पुलाच्या नोंदलेल्या उंचीपेक्षा दहा मीटर वर. सरांनी पुन्हा मोजायला लावलं. तेच आलं.

शेताचे मालक भिकाजी बांधावर उभे होते. त्यांनी नदीकडे बोट दाखवत गंभीरपणे विचारलं, "मगे न्हंयचा पाणी दर वर्सा माझ्या शेतात चढान येता काय?"

साईशला गौरवीचं बजावणं आठवलं. तो माडाआड गेला, स्वतःचं नाव पुसलं आणि तिचं घातलं. शेत खाली आलं, पण सरांच्या वहीतल्या उंचीपेक्षा मीटरभर वरच राहिलं. शेवटी त्याला सगळ्यांसमोर विचारावं लागलं, "गौरवी, तुझ्या नावाच्या शेवटी आय की दोन ई?"

"आय," ती म्हणाली. शेत जागेवर बसलं.

सरांना काय ते कळलं. बाराही कॅल्क्युलेटरांवर तिचं नाव परत घालायची शिक्षा साईशला झाली. ते करून आकडे भरून तपासताना त्याच्या लक्षात आलं की एकेचाळिसावा आकडा भरला की पहिला पुसला जातो. त्याने ते आधी तिलाच जाऊन सांगितलं. तिने तपासलं, खरं निघालं. थोडा वेळ ती चिडून बसली, मग तिने बेरजेबाहेर दुसरी ओळ घातली : चूक शोधली, साईश, पेडणे.

त्याने पडद्याचा फोटो घरी पाठवला. वर नाव आहे ती कोण, असं आईने विचारलं.

"प्रोग्रॅम तिचा आहे," साईशने लिहिलं. "माझी फक्त चूक आहे."