रोझिल्डाच्या बाजूची झडप

ही लुसेट मनाने वाईट नाही, पण तिला रीत म्हणून नाही. पोर्टलंडहून साडेपाच तास गाडी हाकत येते, आईच्या दोन्ही गालांचा पापा घेते, कोट खुर्चीवर फेकते आणि तडक तळघरात उतरून माझ्या पोटात लाथ घालते.

"खा, खादाडे, खा! आईची सगळी पेन्शन खाल्लीस. आता तिलाच खा!"

पंचावन्न उलटलेली बाई. थोरल्यांशी बोलायची ही तऱ्हा! तिच्या लंगोट्या कुणी वाळवल्या, विचारा तिला.

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. स्वयंपाकाची नव्हे, घर तापवणारी. तेल पिते आणि ऊब देते. शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या अंगावर एक पितळी पाटी ठोकली आहे, तिच्यावर काय कोरलंय तेही मला ठाऊक नाही. पण अमेरिकेच्या या अगदी वरच्या टोकाला, सेंट जॉन नदीच्या काठावर, जिथे घराघरात अजून फ्रेंच बोलतात, साठ हिवाळे मी एक घर उभं ठेवलं. इथे जानेवारीत पापणीला पापणी चिकटते. खिळासुद्धा भिंतीत थंडीने कुरकुरतो. त्या गारठ्यात साठ हिवाळे! शिकलेल्या कुणी करून दाखवावं.

आणि एक सांगून ठेवते. या घरात मी सुनेच्या आधी आले. लुसेटचा बाप आदेलार तेव्हा कागदाच्या कारखान्यात नवा लागला होता. आमच्याकडे गरीब माणूस आधी तळघर बांधतो, त्यावर तात्पुरतं छप्पर टाकून त्यातच राहतो आणि जमेल तसं वर घर चढवतो. चार माणसांनी मला दोरांनी खाली उतरवलं तेव्हा वर नुसतं आभाळ होतं. दोन वर्षांनी घर झालं, मग रोझिल्डा लग्न होऊन आली. आल्या आल्या खाली डोकावून म्हणाली, "केवढं हे धूड!" मी तेव्हाच ओळखलं, हिचं नि माझं जमणार. तोंड माझ्यासारखंच होतं.

माझ्या डोक्यातून पत्र्याचे रुंद नळ निघतात आणि एकेका खोलीच्या जमिनीतल्या जाळीपाशी जातात. त्यांतून ऊब वर जाते आणि बोलणं खाली येतं. म्हणजे माझे हातही तेच आणि कानही तेच. घरात कोण कुणाला काय बोललं, कोण उशीत तोंड खुपसून रडलं, मला सगळं कळतं. पण या कानाचं त्या कानाला कधी कळू दिलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

दिवस चांगले गेले. माझ्या जाळीवर ओले हातमोजे वाळले, कणीक फुगली, आजारी मांजर बरं झालं. रोझिल्डा सकाळी प्लॉय भाजायची, कुट्टूच्या पिठाची ती जाळीदार धिरडी, आणि लुसेट जाळीवर पाय पसरून लोणी लावून खायची. बाहेरून आलेला माणूस दारातच "आहाहा!" म्हणायचा. माझं नाव कुणी घेत नसे, पण ती 'आहाहा' माझीच होती.

फक्त एका गोष्टीवरून घरात कायम खडाजंगी. रोझिल्डा गोधड्या शिवायची, खिडकीपाशी बसून. ती म्हणायची, "आदेलार, थंडी वाजते."

"थंडी कुठे आहे? मला घाम फुटलाय."

"तुला घाम फुटतो तो तेलाच्या बिलाचा."

"राजवाडा तापवायचाय का बाई? आणखी एक स्वेटर घाल."

असं म्हणून तो तणतणत खाली यायचा, 'भट्टी बघतो जरा' म्हणत. आणि खाली आला की, मित्रांनो, त्याचं तोंड एकदम मवाळ व्हायचं. दर ऑक्टोबरात तो माझी काजळी काढायचा, तेलाची तोटी बदलायचा आणि सुताराच्या जाड पेन्सिलीने माझ्या डाव्या कुशीवर तारीख घालायचा. लिहिताना पुटपुटायचा, म्हणून मला पाठ आहे. शेवटी इकडेतिकडे बघून, खिडकीकडे जाणाऱ्या नळाची झडप बोटभर उघडायचा. वर गेला की पुन्हा तेच: "एक अंशसुद्धा वाढवणार नाही!" आणि थोड्या वेळाने रोझिल्डा शेजारणीला ऐटीत सांगायची, "माझा कोपरा मी पारखून घेतलाय. तिथे ऊन येतं."

ऊन! उत्तरेची खिडकी ती. मला हसू यायचं, पण भट्टीने हसून कसं चालेल?

आदेलार गेला त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर माझ्याकडे कोण बघणार? रोझिल्डाचे गुडघे गेले, तिला जिना उतरवेना. तोटी कुणी बदलली नाही. काजळी साचली. मी दुप्पट तेल पिऊ लागले आणि निम्मी ऊब देऊ लागले. हे मी मान खाली घालून सांगते, कारण खरं आहे. पण निगा नाही राखली तर कोण बिघडत नाही?

गेल्या हिवाळ्यात रोझिल्डाने तेल वाचवायला एकेक खोली बंद केली. शेवटी स्वयंपाकघरात कोट घालून राहू लागली. लुसेट न सांगता आली तेव्हा आई टेबलाशी बसली होती आणि तिची नखं निळी झाली होती. त्या दिवशी मला पहिली लाथ बसली. ती लाथ मला लागली नाही. लागलं ते वरून ऐकलेलं.

"आई, पुढच्या थंडीच्या आत नवं यंत्र बसलं नाही, तर तू माझ्याकडे यायचंस. घर विकायचं."

"पोर्टलंडला? तिथे फ्रेंचमध्ये बोलायला कोण आहे? भिंती?"

"भिंतींशी तर इथेही बोलतेस."

"इथल्या भिंती ओळखीच्या आहेत."

नवं यंत्र म्हणजे हीट पंप. बाहेरच्या गार हवेतून ऊब ओढून आत सोडतो म्हणे, आणि उन्हाळ्यात उलटा फिरून गारवा देतो. मला वाटलं, बर्फातून ऊब काढणारा हा कोण महाराज? पण विजेवर चालतो आणि थोडक्यात भागवतो. किंमत मात्र या घराला झेपणारी नव्हती. सरकारने सोय केली होती, असली कमी वीज खाणारी यंत्रं घरात बसवली तर करातून सूट. लुसेटने सगळी मदार त्या सवलतीवर ठेवली. मग कराचे कागद करणाऱ्या बाईने फोनवर सांगितलं, "अहो, तुमच्या आईची पेन्शन एवढीशी. त्यांना करच बसत नाही. मग सूट कशातून द्यायची?"

रोझिल्डा खो खो हसली. "म्हणजे उपाशी माणसाला जेवणावर सवलत! वा!"

एक वाट राहिली होती. राज्याचं एक ऑफिस म्हाताऱ्या, कमी मिळकतीच्या लोकांना यंत्राच्या खर्चातला मोठा वाटा देत होतं. अटी दोन. यंत्र बसवायच्या आधी जुन्या भट्टीचा पाटीसकट फोटो पाठवायचा. आणि अर्ज करणाऱ्याचं नाव लाइटबिलावर हवं. मुदत महिनाअखेरची.

"आई, लाइटबिल कुणाच्या नावावर आहे?"

"ज्याने घर बांधलं त्याच्या."

"अगं, बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली!"

"मग? वीजवाल्यांची काही तक्रार आहे का? पैसे वेळेवर जातात."

"ऑफिसवाली म्हणते, मेलेल्या माणसाला मदत देता येत नाही."

"नको देऊ म्हणावं. त्याला थंडी वाजत नाही."

"आई, एक फोन करायचा. पाच मिनिटांचं काम. बाबांचं नाव काढायचं, तुझं घालायचं."

मग रोझिल्डाचा आवाज आला, तिचा नेहमीचा नव्हे, लहानसा.

"महिन्यातून एकदा त्याच्या नावाचा लिफाफा येतो, लुसेट. पोस्टमन त्याचं नाव वाचून दारच्या पेटीत टाकतो. मी तो त्याच्या जागेवर ठेवते, दुसऱ्या दिवशी उघडते. एवढं एकच टपाल त्याला येतं. तेही बंद करू?"

ज्याच्याकडे उत्तर नसतं तो लाथ मारायला खाली येतो. आली. या वेळी लुसेटच्या हातात फोन होता. निदान माझा फोटो तरी काढून ठेवावा म्हणून. पाटी दिसेना, म्हणून फडक्याने माझी धूळ पुसू लागली. अकरा वर्षांत मला कुणाचा हात लागला नव्हता. पुसता पुसता ती डाव्या कुशीकडे आली आणि थांबली.

"अरेच्चा," ती म्हणाली. "बाबांचं अक्षर."

आणि मोठ्याने वाचू लागली.

"'ऑक्टोबर १९६८. तोटी बदलली. मुलगी झाली, तिच्या खोलीची झडप पूर्ण उघडली.'"

तिने पुढे वाचलं. "'ऑक्टोबर १९७२. तोटी बदलली. रोझिल्डा म्हणते थंडी. मी नाही म्हणालो. तिच्या बाजूची झडप बोटभर उघडली.'"

मी सगळा श्वास रोखून धरला आणि ते शब्द खिडकीपाशी जाणाऱ्या नळातून वर सोडले. दुसरं माझ्या हातात काय होतं?

वरून आवाज आला, "काय म्हणालीस? पुन्हा वाच!"

"आई, इथे सगळीकडे लिहिलंय! '१९७९. बोटभर उघडली. तिला सांगायचं नाही, डोक्यावर बसेल.'"

"मेला!" वरून आलं. "पुढे वाच!"

मग मी जिन्यावर एक चमत्कार ऐकला. रोझिल्डा पायरीवर बसून, एकेक पायरी बुडाने सरकत, खाली येत होती. लुसेट धावली, तर तिला म्हणाली, "हात नको, वाच तू." एकोणीस पायऱ्या. खाली येऊन ती माझ्यापुढे उभी राहिली आणि नाकाला नाक लागेल इतकी वाकली. शेवटच्या ओळीचं अक्षर थरथरलेलं होतं. आदेलारची ती शेवटची थंडी. ती ओळ रोझिल्डाने स्वतःच वाचली.

"'तिच्या बाजूची झडप पूर्ण उघडली. आता आणखी उघडत नाही.'"

तिने तळहात माझ्या कुशीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मी गरम होते, नशीब माझं.

"उत्तरेची खिडकी," ती म्हणाली. "मी एवढी शहाणी बाई, मला कधी कळू नये की उत्तरेला ऊन येत नाही?" मग पदर नसलेल्या देशातली ती बाई, कोटाच्या बाहीने नाक पुसून म्हणाली, "लुसेट, आण तो फोन. लिफाफ्यावर वीजवाले त्याचं नाव छापतात, ते काही त्याचं अक्षर नाही. त्याचं अक्षर इथे आहे. कर नाव माझं."

पाच मिनिटांचं काम पंचेचाळीस मिनिटं चाललं. फोनवरच्या मुलाला रोझिल्डाने नावाचं स्पेलिंग तीनदा सांगितलं आणि त्याने चौथ्यांदा विचारलं तेव्हा तिने त्याच्या शाळेचं नाव विचारलं. पण झालं. फोटो गेला, अर्ज गेला, मंजुरी आली. रेनो नावाचा हसरा कारागीर पंप बसवून गेला. जाताना मला म्हणाला, "आजीबाई, आता विश्रांती. अगदी हाडं फोडणारी थंडी पडली तरच उठायचं." असं बोलतात थोरल्यांशी! माझ्या नळांची तपासणी करून त्याने सगळ्या झडपा मात्र मिटून ठेवल्या.

पंप बरा आहे. आवाज नाही, धूर नाही. भट्टीसारखी खोली तापत नाही, असं रोझिल्डा दोनदा म्हणाली. मी तिसऱ्यांदा ऐकायची वाट पाहते आहे. पण तिची नखं गुलाबी आहेत आणि घराच्या सगळ्या खोल्या उघड्या आहेत. माझा हेवा तेवढ्यावर संपला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी जुनं असेल, धूर ओकणारं, कुरकुरणारं, जास्त खाणारं. नवं जरूर आणा. सरकार हातभार लावत असेल तर कागद नीट वाचून, मुदत पाळून आणा. त्यात लाज कसली? पण जुन्याला लाथ मारण्याआधी एकदा फडक्याने पुसून बघा. त्याच्या कुशीवर तुमच्याच घरचं काहीतरी लिहिलेलं असतं.

परवा ऑक्टोबर लागला. लुसेट आली. आईच्या गालांचा पापा घेतला, कोट फेकला आणि खाली उतरली. मी पोट आवळून धरलं. लाथ आली नाही. तिने खिशातून नवी तोटी काढली. काजळी काढली, नाकापर्यंत काळी झाली. तोटी उलटी बसवली, शिवी दिली, सुलटी बसवली. मग जाड पेन्सिल काढली, बापाच्या शेवटच्या ओळीखाली वाकली आणि लिहिताना पुटपुटली, अगदी त्याच्यासारखीच:

"तोटी बदलली. आईच्या बाजूची झडप पूर्ण उघडली."

आणि उघडली. ती जिन्याकडे वळली तेव्हा माझ्याने राहवेना. आत एकदा धडधडून पेट घेतला आणि सगळ्या नळांतून मोठ्याने म्हणाले:

"लुसेट, पाय तुझे गाढवाचे आहेत गं. पण हात बापाचे आहेत!"