एकसष्ट किलो

जिम बंद झाली तेव्हा मी हादरलेच. हसू नका. छप्पन्नाव्या वर्षी मी काही पोट सपाट करायला तिथे जात नव्हते. माझ्या नवऱ्याची उजवी बाजू अर्धांगाने गेली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, असं दिवसातून आठ वेळा त्यांना मीच उचलते. त्यासाठी वर्षभर घाम गाळून कमावलेली ताकद होती ती. जिममधली पोरं मला पैलवान काकू म्हणायची.

दोन आठवडे व्यायाम सुटला आणि एका सकाळी हे माझ्या हातून निसटले, फरशीवर आपटले. फार लागलं नाही, पण नणंदेला कळलंच. फोनवर म्हणाली, "वहिनी, तुझ्याच्याने होत नसेल तर स्पष्ट सांग. दादाला संस्थेत ठेवू. पुन्हा पडला तर मी कुणाचं ऐकायची नाही." फोन स्पीकरवर होता. हे डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. संस्थेत ठेवते म्हणे! शिवणकाम हा माझा धंदा. जुन्या जीन्सचे पाय कापले, दुहेरी शिलाई मारून पिशव्या शिवल्या, त्यात वाळू भरली. जिमचा ट्रेनर रोज सकाळी फोनवरून ओरडायचा, "काकू, पाठ सरळ! गुडघ्यातून उठा!" मीही ओरडायचे, "उठतेय रे मेल्या!" हे पलंगावरून बघायचे आणि डाव्या हाताच्या बोटांवर आकडे मोजायचे.

दीड महिन्यात फरक पडला. हे इतके अलगद उचलले जायला लागले की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. नणंदेला फोन करून ऐकवलंसुद्धा, "ये बघायला, तुझ्या दादाला कसं उशीसारखं उचलते ते!"

वैताग दोनच गोष्टींचा होता. यांच्या पायजम्याचं इलास्टिक सारखं ढिलं पडायचं. दोनदा बदललं आणि दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. दुसरं म्हणजे पलंगाजवळच्या खिडकीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. मी मशीनवर बसले की हे एकटेच डाव्या हाताने जेवायचे, तेव्हा तर नुसती झुंबड.

परवा ट्रेनर म्हणाला, "काकू, काकांचं आताचं वजन कळवा, त्यावरून पुढच्या पिशव्या ठरवू." मागे एकसष्ट भरलं होतं. तरी खात्री करावी म्हणून यांना मिठीत धरून वजनकाट्यावर उभी राहिले. एकशे सोळा. त्यातले माझे चौसष्ट गेले. राहिले बावन्न. काटा बिघडला असेल म्हणून वीस किलोची पिशवी ठेवून पाहिली. बरोबर वीस.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. खिडकीच्या कडेला भाताची शितं वाळून चिकटली होती. साऱ्या गल्लीच्या कंबरा मापणारी मी, आणि घरातली कंबर आटत गेली तर इलास्टिकला शिव्या घालत बसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"किती दिवस चाललंय हे?" मी किंचाळले.

त्यांची जीभ अजून जड आहे. शब्द जुळवायला वेळ लागला. "फोन... ऐकला. हलका झालो तर... इथेच ठेवशील."

मला रडू आवरेना आणि रागही आवरेना. अहो, सांगायचं तरी! मी कुठे पाठवणार होते तुम्हाला? खिडकी लावून घेतली, मशीनवर कापड टाकलं, ताट वाढून आणलं आणि स्टूल ओढून समोर बसले.

"खा," मी घास पुढे केला. "उद्यापासून मी वाळू वाढवते, तुम्ही वजन वाढवा. एकसष्टच्या एकसष्ट किलो हवेत मला. त्यातलं चिमूटभरही कबुतरांना मिळायचं नाही."

त्यांनी तोंड उघडलं.