चौकटीची माफी

शाळेत जोकर आला म्हटलं की मोठ्या माणसांना वाटतं, पोरं हसली म्हणजे काम फत्ते. हसू काय नळाला येतं, पिळला की सुरू? ढब्बूला या बोलण्याची भयंकर चीड होती. लाल नाक, ढगळ विजार आणि फटफटणारे बूट घालून तो शाळाशाळांतून फिरायचा, पण तमाशा करायला नव्हे. मनावर ओझं घेऊन बसलेल्या पोरांचा जीव जरा हलका करायचा, एवढंच त्याचं काम. त्यातही नियम एकच: दार वाजवून 'येऊ का' विचारायचं. एका पोरानं जरी नको म्हटलं, तरी माघारी फिरायचं.

तिसरीच्या वर्गातली कोपऱ्यातली मुलगी दर वेळी नको म्हणायची. तोंडानं नाही. आईबाप वेगळे झाले, तिला आजीकडे पाठवलं, आणि या नव्या शाळेत आल्यापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. ती नुसता तळहात वर करायची. मग ढब्बू वळायचा, दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचा, हात जोडून चौकटीची माफी मागायचा आणि जायचा. वर्ग खिदळायचा. ती ढिम्म. बाकीची पोरं त्याला मधल्या सुट्टीत मैदानावर गाठायची. दारातून परत यायचा पगार घेणारे तुम्ही एकटेच, असा टोमणा घरी बायको मारायची.

एके दिवशी शाळेच्या संस्थेची माणसं ढब्बूचं काम बघायला आली. मुख्याध्यापिकाबाईंनी ढब्बूला बाजूला घेऊन बजावलं, आज त्या पोरीकडे बघायचं नाही, सरळ आत शिरायचं. जमत नसेल तर पुन्हा या शाळेत यायची तसदी घेऊ नका.

ढब्बूनं दार वाजवलं. मागच्या बाकांवर कडक इस्त्रीतले पाहुणे हसायला सज्ज होऊन बसले होते.

"येऊ का?"

तळहात वर गेला.

पाहुण्यांशेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे वटारले. पण घर मोडताना जिला कुणी विचारलं नाही, तिच्या ताब्यात हे एवढं एकच दार होतं. तेही ढकलायचं? ढब्बू वळला आणि शहाण्या माणसासारखा सरळ चालता झाला.

व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो बुटांच्या नाड्या सोडू लागला. आता हे बूट माळ्यावर. तेवढ्यात मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. तीच. कमरेवर हात, कपाळाला आठ्या.

"डोकं आपटायचं राहिलं," ती म्हणाली.

ढब्बू ताडकन उठला. "चुकलो, ताई."

तो सुटलेल्या नाड्यांनिशी वर्गाच्या दारापर्यंत गेला, वळला, नाडीत पाय अडकला आणि डोकं खरंच दणकन आपटलं. तरी त्यानं चौकटीपुढे हात जोडले. मुलगी फिसकन हसली, लगेच तोंड दाबलं आणि जागेवर जाऊन बसली.

पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, आता तरी हा आत येणार ना? ढब्बूनं मुलीकडे बघून भुवया उंचावल्या. तळहात वर.

"ती म्हणेल तेव्हा," पाहुण्यांना उत्तर बाईंनी दिलं. मग ढब्बूकडे न बघताच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात वेळेवर या."

कपाळावरचं टेंगूळ चोळत, शीळ घालत ढब्बू घरी निघाला.