लाल बटण

अर्धांगाच्या झटक्याने टेलरमास्तरांचे हातपाय शाबूत ठेवले, पण वाचा नेली. मग मुलीने त्यांच्या मोबाईलमध्ये बोलणारी बटणं बसवून दिली. बोट ठेवलं की मोबाईल बोलणार. त्यातला बाईचा आवाज ऐकून मास्तरांची बायको मात्र भडकली. "ही कोण परकी बया? माझ्या घरात मीच बोलणार." तिने घसा खाकरून सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरली. "चहा दे." "कात्री कुठे ठेवलीस?" आणि सगळ्यात वर, मोठ्या लाल बटणावर, "माझं चुकलं."

"तुझ्या बाबांना हे सारखं लागेल," ती मुलीला म्हणाली.

एका दुपारी बहिणीशी फोनवर गप्पा रंगल्या आणि ती गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पँटवर गरम इस्त्री विसरली. पँटला हे भलंमोठं भोक पडलं. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक दुकानात आलं. तिने सगळं खापर मास्तरांच्या माथी फोडलं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे तूच केलंस" असं बटण त्यांनी खालीवर शोधलं, पण ते बायकोने भरलंच नव्हतं. शेवटी नजर लाल बटणावर थांबली.

"माझं चुकलं," बायकोचा खणखणीत आवाज दुकानभर घुमला.

भोकातून उजेड बघणाऱ्या गिऱ्हाइकाने मान वर केली. "जाऊ द्या वहिनी. कबूल केलंत, यातच सगळं आलं."

बायको डोळे वटारून मोबाईलकडे बघू लागली.

एवढ्या वर्षांच्या संसारात कुठल्याच भांडणात मास्तरांनी हे ऐकलं नव्हतं. त्यांनी मोबाईलचा आवाज वाढवला आणि पुन्हा लाल बटण दाबलं.